डब्यांची ओळख परेड

ती घटना आठवली की आजही माझी कानशिलं एवढी तापतात की त्यांवर भाकरी भाजावी. तेव्हा मी मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन चिखलणीत एक बाई आली आणि इंजिन ऑइलचा रिकामा डबा तिनं माझ्या टेबलावर आपटला. आदल्या दिवशी घरच्या ट्रॅक्टरमध्ये नवं ऑइल टाकलं आणि आज इंजिन जाम. अख्ख्या पाड्याची चिखलणी त्या एका ट्रॅक्टरवर. भाताचं रोप जून व्हायला लागलेलं.

"सायेब, सील मीच फोडलं. आता बूड बघा."

बुडावर डागलेल्या तीन रेघा होत्या.

"माझ्या इळ्याच्या हायेत त्या. शिमग्याआधी ह्यो डबा मी भंगारवाल्याला दिला व्हता."

त्या पाड्यावर ऑइलचे रिकामे डबे धुऊन पाण्याला वापरतात. विहिरीवर अदलाबदल नको म्हणून प्रत्येक बाई तापल्या विळ्यानं बुडावर आपली खूण डागते. चोरानं झाकण बदललं, लेबल बदललं. बूड बघायची अक्कल त्याच्या सात पिढ्यांत नव्हती.

बाईनं ऑइल घेतलं होतं त्या दुकानावर दोन पंच घेऊन छापा घातला. दुकानदार गोड हसला.

"साहेब, बाईनं गिअरचं ऑइल इंजिनात घातलं असंल. अडाणी लोक. आमचा माल बोटांत घासून बघा, मध हाय मध."

मी घासलं. खरंच मध! जळकं ऑइल गाळून, रंगवून विकणारा हरामखोर चिकटपणा आणि रंग आधी जमवतो. बोटाला तेवढंच कळतं. पोटात काय आहे ते इंजिनाला कळतं, आणि तेही मरताना. मी असा ओरडलो की माळशेजची माकडं नाणेघाटात गेली. पठ्ठ्या ढिम्म.

मग सगळे सीलबंद डबे अंगणात उलटे मांडले आणि पाड्यावरच्या बायकांना बोलावलं.

"ह्यो माझा."

"ह्यो सासूचा गो, फुली बघ."

"दादा, माझा डबा तू कंपनीत कवा धाडलास रं?"

दुकानदार पायरीवर बसला. मागच्या शेडमधली जळक्या ऑइलची पिंपं त्यानं स्वतःच दाखवली.

एका डब्यावर मात्र कुणीच हक्क सांगेना. त्याच्या बुडावर लाल रंगाचा आकडा होता. आमच्या जीपच्या डब्यांवर मीच टाकायला लावलेला! ठाण्याचं भंगारही तिथंच पोचलं होतं. ड्रायव्हर आभाळाकडे बघू लागला. तो डबाही मी पंचनाम्यात घेतला.

निघताना बाईनं विचारलं, "सायेब, आता चिखलणी कोण करंल?"

चोराला शिक्षा झाली. पण त्या पावसाळ्यात तिच्या दोन खाचरांत गवतच उगवलं. ऑइल घ्यायचं तर ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं आणि पक्क्या बिलावर घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो. आणि ऑइल ओतून झालं की डबा पुन्हा भरता येऊ नये म्हणून बुडात आधी खिळा ठोकतो. पहिला खिळा ठाण्याच्या डब्यात ठोकायला हवा होता.