स्थानिक मदत

पडद्यावर माझी पाठ होती. गुडघाभर चिखल, कंबरेत वाकलेली मी, हातात गाळ काढायची नळी. चेहरा दिसत नव्हता. व्यासपीठावरून सर इंग्रजीत म्हणाले, "या लोकांना चिखलाची सवय असते. बूटसुद्धा लागत नाहीत त्यांना."

सभागृह हसलं. सगळं नाही. पण पुरेसं.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते, हातात माइक घेऊन. कुणी वळून पाहिलं नाही. पाठीवरून कोण ओळखणार?

हॅम्बर्ग, दोन हजार सोळा. किनाऱ्यालगतच्या समुद्रांवरची परिषद. गरीब देशांतल्या तरुण संशोधकांना आणायला आयोजकांनी निधी ठेवला होता. माझं विमानाचं तिकीट त्यातलं, राहणं त्यातलं. बदल्यात अट अशी की प्रश्नोत्तरांच्या वेळी आम्ही माइक घेऊन धावायचं. आम्हा निधीवाल्यांच्या बॅजला पिवळी पट्टी होती. लोक आधी पट्टी बघायचे. नावापर्यंत बरेचजण पोचायचेच नाहीत.

माझ्या अर्जाला शिफारस सरांची. सर माझे पीएचडीचे गाईड. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय?" आडनाव ऐकून "अच्छा" म्हणाले. तो "अच्छा" ज्यांनी ऐकलाय त्यांना मी समजावून सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकला, त्यांना सांगून कळणार नाही.

खाडी आमच्याच गावची. वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने. आई त्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि आम्ही त्या खायचो. त्या गाळात पारा किती मुरलाय, हे मी शोधत होते. ओहोटी बघून उतरायचं, नमुने डोक्यावरून आणायचे, प्रयोगशाळेत बसून तपासायचे. सगळं एकटीनं. सर एकदा आले. जेटीवर उभे राहिले, फोटो काढला, गेले.

पुढची स्लाइड. माझा आलेख. त्यातले रंगसुद्धा मी दिलेले. खाली सरांचं नाव, सोबत आणखी दोघांची. त्या दोघांनी आमची खाडी नकाशातच बघितली असेल. मग आभारांची स्लाइड. शेवटची ओळ: स्थानिक मदत.

ती मी.

बाबा चळवळीच्या सभांची पत्रकं वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यावर मी वाचायला शिकले. त्यात हक्क हा शब्द सारखा यायचा. घरात बसून तो मोठ्यानं वाचणं फार सोपं होतं. इथे माइक हातात होता, पण तो दुसऱ्यांना द्यायचा होता.

टाळ्या झाल्या. सत्राची अध्यक्ष एक जर्मन बाई होती. तिनं मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याकडे बोट केलं. मी माइक घेऊन निघाले. मधल्या वाटेत माझे पाय थांबले.

माइक चालू होता.

"त्या फोटोतली बाई मी आहे," मी म्हणाले. "गाळ मी काढला. तपासला मी. हे आकडे माझे आहेत. माझं नाव का नाही?"

माना वळल्या. सर मराठीत म्हणाले, अगदी हळू, "अगं, माइक दे त्यांना."

अध्यक्षबाईनं चष्मा काढला. "बरं, मदतनिसांनी कृपया प्रश्न विचारू नयेत."

"मी मदतनीस नाही. संशोधक आहे. आणि हा प्रश्न सरांना आहे."

सरांनी लॅपटॉप मिटला. कॉफीची सुट्टी जाहीर झाली.

बाहेर सरांनी मला खांबाआड गाठलं. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत.

"इथे कुणाच्या शिफारशीनं आलीस?"

त्यांनी माझ्या बॅजवरच्या पिवळ्या पट्टीकडे बोट केलं.

"तुम्हाला वर काढायला जावं, तर हे. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांना मेल कर. गैरसमज झाला म्हणून. मला कॉपी ठेव. नाहीतर थिसिसवर सही दुसऱ्या कुणाची घे."

मेघना पुण्याची. हॅम्बर्गलाच पीएचडी करत होती. परिषदेत ओळख झाली होती, चांगली मुलगी. संध्याकाळी परिषदेनं काढलेल्या बंदरातल्या बोटफेरीत तिनं माझ्या हातात गरम कॉफी दिली आणि म्हणाली, "दोन ओळी लिही गं. सॉरी नको म्हणूस. मिसअंडरस्टँडिंग, बास. अगदी एवढंच. पदवी हातात आली की भांड ना हवं तेवढं."

"तुझ्या कामावरून तुझं नाव कुणी काढलंय कधी?"

"नाही."

"मग?"

"मग काय? आमच्याकडे असं..." ती थांबली. मग म्हणाली, "तू ग्रँटवर आलीयेस. सगळ्या ग्रँटवाल्यांचं नाव खराब होईल, एवढंच म्हणत होते."

मला तेव्हा लख्ख कळलं. सरांनी निधी दिला नव्हता, फक्त सही केली होती. निधी कामासाठी होता आणि काम माझं होतं. पण सगळ्यांनी मिळून त्याची भीक करून टाकली होती, आणि भीक घेणाऱ्यानं मान खाली ठेवायची असते. आतापर्यंत मीसुद्धा ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सभागृहाच्या दारातच भेटले.

"मेल पाठवलीस?"

"नाही. पाठवणार नाही."

"मग गाईड शोध."

"शोधते."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

परत आल्यावर मी विद्यापीठात तक्रार दिली. चौकशी अजून चालू आहे, म्हणजे पडून आहे. नवीन गाईड अजून मिळालेला नाही. दोघे हो म्हणाले आणि सरांचा फोन गेल्यावर नाही म्हणाले. मी खाडीत उतरते, नमुने काढते, तारीख घालते, खाली माझं आडनावासकट पूर्ण नाव लिहिते. पदवी उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. तरी त्या आकड्यांवरचा हक्क मी सोडणार नाही. उद्या माझ्या हाताखाली मुली काम करतील. त्यांच्या कामावर मी माझं नाव चढवणार नाही. आणि दुसऱ्या कुणी चढवलं, तर भर सभेत उभी राहीन.