पहिलं दारातलं

त्या चैत्रात मी आमच्या गावदेवीवर चक्क रागावले होते. वर्षभर जिची वाट बघायची ती पालखी ज्या दिवशी दारात यायची, नेमक्या त्याच दिवशी माझ्या मोठ्या जावेला दवाखान्यात न्यावं लागलं. मी मनात म्हटलं, आई, तुला दुसरा दिवस सापडला नाही का गं? आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा डोळ्यांत पाणी आणि डोक्यात संताप, अशी माझी गत होती. मी मुळात तोंडाची फटकळ. माणसांशी बोलते तशीच देवाशी बोलते, आणि देवानं ते आजवर चालवून घेतलं आहे.

आमचं घर ओव्यात, खारघरच्या कडेला. मोठे दीर फार लवकर गेले. घरात मोठी जाऊ, माझे यजमान आणि मी. मुलगी शिकायला पुण्याला. जावेला सगळा गाव बाय म्हणतो, मीसुद्धा. या बायचा एकच नेम होता, 'पहिलं दारातलं, मंग घरातलं.' म्हणजे दारात कुणीही उभं असलं, तर आधी त्याला काय हवं ते बघायचं, मग आपला चहा, आपलं जेवण. आमच्या घरामागच्या परसात विहीर आहे, तिथली वाट घरातूनच; भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. त्या वर्षांत खारघरला एकामागून एक इमारती उठत होत्या आणि डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं तिथं बिगारी कामाला येत. त्यांच्या झोपड्यांपाशी धड पाणी नसे. मग त्यांच्या बायका हंडे घेऊन आमच्या दारात. त्यांतली एक बुधी, ती तर रोजची. दिवसभर विटा वाहून आलेली असायची. बाय तिला रहाटाला हात लावू द्यायच्या नाहीत. "बस गो जरा, दमलीस," म्हणायच्या आणि स्वतः पाणी शेंदून तिचा हंडा भरायच्या.

मला याचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. मी पनवेलच्या एका शाळेत कार्यालयात काम करते. सकाळी घाई, संध्याकाळी घाई. डबा भरताना बाहेरून भांड्यांचा आवाज आला की माझ्या कपाळावर आठी. गावात ज्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या त्यांनी मिळालेल्या पैशांतून बंगले बांधले होते, बंगल्यांना लोखंडी फाटकं लावली होती, आणि आपल्यालाही एक असावं असं मला फार वाटायचं. "बाय, तुम्ही दाराचं देऊळच करून टाकलंय," मी एकदा चिडून म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "देवलात तरी काय असतंय गो? दारच असतंय की उघडं." मी पर्स उचलली आणि कामाला निघाले. मी देवाला फूल वाहायचे तेव्हा माझी नजर घड्याळावर असायची. घर महत्त्वाचं, देव महत्त्वाचा, माणुसकी महत्त्वाची, हे सगळं मी चारचौघींत छान बोलायचे, आणि माझा दिवस मात्र भलत्याच गोष्टींत संपायचा. बाय असलं काही बोलायच्या नाहीत. त्यांचा दिवस बघितला की कळायचं त्यांना काय महत्त्वाचं वाटतं ते. अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता पालखीची रीत सांगते. आमच्याकडे चैत्रात गावदेवीची पालखी घरोघर फिरते. पालखी दारात आली की आधी ती खांद्यावर घेणाऱ्यांच्या पायांवर घरचं पाणी घालायचं, मग घरातला दिवा उंबरा ओलांडून बाहेर आणायचा आणि देवीला ओवाळायचं. दुसऱ्याच्या घरचा दिवा चालत नाही. दार बंद असलं तर पालखी तिथं थांबत नाही, पुढे जाते, आणि एकदा पुढे गेली की मागं वळत नाही. 'त्यांच्या दारावरून पालखी गेली' असं मग वर्षभर बोललं जातं. दीर वारले त्या वर्षी सुतक होतं, तेवढं सोडलं तर बायनी आमचं दार कधी चुकू दिलं नव्हतं. आदल्या दिवसापासून त्यांची लगबग सुरू व्हायची, अंगण सारवायचं, समई घासायची, नवी वात वळायची.

त्या सकाळी बाय उठल्याच नाहीत. रात्रभर पोट दुखत होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. अंग तापलेलं, ओठ सुकलेले. रिक्षात घालून आम्ही त्यांना पनवेलला नेलं. निघताना शेजारच्या सुशीलावहिनी धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, पालखी आली की आमचं दार उघडून दिवा तेवढा दाखवा." त्या म्हणाल्या, "दाखवते, काळजी नको, चावी ठेवून जा." मी मान डोलावली, कुलूप लावलं आणि बायना धरून रिक्षात बसले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अपेंडिक्स आहे, फुटायच्या बेतात आहे, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. रक्त लागेल म्हणून यजमान ते आणायला वाशीला गेले. दवाखान्यात उरलो आम्ही दोघीच.

स्ट्रेचर आणलं तेव्हा बायनी माझ्याकडे बघितलं. दुखण्यानं चेहरा काळवंडला होता, पण विचारलं काय, तर, "सुशीलेला चावी दिलीस ना?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला. हाताला चावीच लागली. चावी माझ्याजवळ, दार ओव्यात, आणि पालखी तासाभरात आमच्या आळीत. सुशीलावहिनींच्या घरी फोन लावला, नुसता वाजत राहिला. सगळी आळी बाहेर ढोल-ताशात, ऐकणार कोण? माझा चेहरा बघूनच बायना कळलं. मी म्हटलं, "बाय, मी आत्ता रिक्षा करते, दार उघडून देते आणि अशीच परत येते." मला खात्री होती, त्या म्हणणार, जा. ते दार म्हणजे त्यांचा जीव. त्यांनी माझं मनगट धरलं.

"जाव नको. मना भ्या वाटतं."

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. दीर गेले तेव्हाही नाही. मी म्हटलं, "आणि दार?"

"पहिलं दारातलं," त्या म्हणाल्या. श्वास लागत होता, तरी जरा हसल्या. "आज मीच हाय गो दारात. तू हितंच ऱ्हा. दाराचं आई बघंल."

आणि त्यांना आत नेलं.

मी त्या बंद दारासमोरच्या बाकावर बसले. चावी मुठीत होती. आतून दोन बाजूंनी ओढ होती. एकीकडे वाटत होतं, बायचं काही बरंवाईट झालं आणि वर ही पालखीही चुकली तर मी गावात तोंड कसं दाखवू. दुसरीकडे, त्यांनी धरलेलं मनगट अजून गरम होतं. शेवटी मी चावी पदराच्या टोकाला बांधली, गाठ घट्ट मारली आणि डोळे मिटून म्हटलं, आई, माझे हात दोनच आणि जागाही एकच. मी इथून हलत नाही. तुझं दार तू सांभाळ, आणि ही बाई मला परत दे. एवढंच. कुठलं स्तोत्र नाही, नवस नाही. आश्चर्य असं की एवढं बोलल्यावर माझं मन निवलं. चूक माझी होती, पण पुढचं ओझं कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. घड्याळ न बघता मी देवासमोर बसल्याची ती पहिलीच वेळ असेल. यजमान रक्त घेऊन आले, माझ्याशेजारी बसले आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलंत. आता धोका नाही." तेव्हा मात्र मी हमसून हमसून रडले.

दिवेलागणीला सुशीलावहिनींचा फोन आला. त्याही रडत होत्या. मी आधीच म्हटलं, "वहिनी, चूक माझी. आमच्या दारावरून पालखी गेली ना?" त्या म्हणाल्या, "गेली नाही गो, ऐक तरी!"

झालं होतं असं. पालखी आमच्या दारी आली आणि दाराला कुलूप. सुशीलावहिनी दिवा घेऊन धावल्या, पण त्यांच्या घरचा दिवा आमच्या दारी कसा चालणार? बुजुर्ग म्हणाले, चला पुढं. आणि पालखी जड झाली. खांदेकऱ्यांना पाऊल उचलेना. आमच्याकडे असं होतं म्हणतात. देवीला कुठं थांबायचं असलं की पालखी जड होते. उन्हात दमले असतील, असंही कुणी म्हणेल. मी वाद घालत नाही. पालखी आमच्या दारात थांबली, एवढं सगळ्यांनी पाहिलं. गुरव कोड्यात पडले. आणि तेवढ्यात गर्दीच्या मागून बुधी पुढे आली, डोक्यावर भरलेला हंडा. दाराला कुलूप बघून ती झोपडीवरून तो घेऊन धावत आली होती. ती कधी पालखीजवळ यायची नाही, लांबूनच हात जोडायची. कुणीतरी तिला मागं सरायला सांगितलं. ती म्हणाली, "मी नाय शिवत देवीला. पन ह्ये पानी ह्याच घरचं हाय. काल सांजंला बायनं सोताच्या हातानं भरून दिलंय."

दिवा घरात कोंडलेला होता, पण घरचं पाणी बाहेर होतं. गुरवांनी क्षणभर देवीकडे बघितलं आणि म्हणाले, "घाल पोरी." बुधीनं आमच्या उंबऱ्यापाशी उभं राहून खांदेकऱ्यांच्या पायांवर तो हंडा रिता केला. वहिनी सांगत होत्या, "आन् पालखी अशी फुलासारखी उचलली बघ!" ज्या पाण्यावरून मी रोज कुरकुर करायचे, त्याच पाण्यानं आमचं दार राखलं होतं.

बायना शुद्ध आल्यावर मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "तिला रातीला पानी कुठनं भेटलं असंल गो? हंडा तं सगला ओतला." पालखी थांबली याचं त्यांना नवल नव्हतं, बुधी तहानलेली राहिली का, ही चिंता. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

त्यानंतर मी लोखंडी फाटकाचं नाव काढलं नाही. सकाळी अलार्म थोडा आधीचा लावला. आधी विहिरीवर जाते, दारात जो असेल त्याला पाणी देते, मग देवापुढे बसते. बायच्या हाताला रहाट आता झेपत नाही, म्हणून सुरुवात केली होती. नंतर त्यातच माझी पूजा सुरू होते असं वाटायला लागलं. कामं तेवढीच आहेत, घाईही होतेच, तोंडही काही सुधारलेलं नाही. फक्त मी जे बोलते आणि माझा दिवस जसा जातो, त्यातलं अंतर थोडं कमी झालं आहे. आईनं दाखवलं म्हणूनच हे जमलं, नाहीतर माझ्या हातून काही होणार नव्हतं.

पुढच्या चैत्रात दार सताड उघडं होतं. समई तेवत होती, बाय काठी टेकत उंबऱ्यात उभ्या होत्या, मी तबक धरलं होतं. पालखी आली, ढोल थांबले. बाय हलेनात. गुरव म्हणाले, "बाय, सुरुवात कर. पुढं सगला गाव खोळंबलाय." बायनी आळीच्या टोकाकडे बघितलं. तिकडून बुधी कामावरून धावत येत होती, पदर खोचलेला, पायाला सिमेंट.

"जरा थांबा," बाय म्हणाल्या, "पानी घालनारी येऊ दे पहिलं."

आणि आमच्या गावदेवीची पालखी बुधीसाठी थांबली.