पडायची खोली

माझे वडील मनमोहन, म्हणजे अख्ख्या गल्लीचे अप्पा. त्यांनी आयुष्यात मोठं असं काही केलं नाही. गोदीतल्या एका कचेरीत कारकुनी केली, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि आमच्या दादरच्या घरात एका खोलीची जमीन घातली. मला लिहायचंय ते त्या जमिनीबद्दल.

लहानपणीच्या तापात माझ्या डाव्या पायातला जोर गेला. मी चालायचे, हट्टानं पळायचेही, पण पाय मधेच दगा द्यायचा आणि मी पडायचे. आम्ही मुली खेळायचो ते मागच्या पडवीत, आणि तिथे होता सिमेंटचा कोबा. पडायची जागा ती पडवी, अशी माझी बरीच वर्षं प्रामाणिक समजूत होती, कारण अनुभवच तसा होता. मी पडले रे पडले की अप्पा असतील तिथून आयोडीनची बाटली घेऊन धावत यायचे. एकदा फुगडी घालताना हनुवटी फुटली, टाके घालावे लागले, आणि आईनं निकाल दिला. "बस्स झालं. नलूचं खेळणं आजपासून बंद. तिनं आपलं खिडकीत बसून बघावं."

मी बसले बघत. बाकीच्या मुली खेळताना पाहून मला इतका राग यायचा की मी मुद्दाम त्यांचा डाव मोडायला पाणी सांडायचे. अप्पांनी ते पाहिलं असावं. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "मुंबईचा प्रश्न दिल्लीवाले सोडवतील तेव्हा सोडवतील. पडवीचा आपणच सोडवायचा. ती बंद करून खेळाची खोली करू या. मुलगी पडायची थांबत नाही, तर खालची जमीन बदलू."

"बदला की," आई म्हणाली, "पण त्या खोलीत पुन्हा रक्त दिसलं, तर मी कुलूप घालीन. मग मला बोलायचं नाही."

झालं, अप्पा जमीन शोधायला लागले. आईला वेलबुट्टीची रंगीत लादी हवी होती. शेजारचे रामदासकाका शहाबादीचे भक्त. माणसं जमीन डोळ्यांनी पसंत करतात, अप्पांनी ती बुडानं पसंत करायचं ठरवलं. दुकानात जायचं, चपला काढायच्या, धोतर सावरायचं आणि नमुन्याच्या लादीवर धपकन बसायचं. गिरगावातल्या लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या मेणकापडाच्या, दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाला भोवळ आली. तो पाणी घेऊन धावला. "पाणी नको," अप्पा बसल्या बसल्या म्हणाले, "जरा जाड आहे का?" मी बरोबर असायचे आणि लाजेनं अर्धी व्हायचे. घरी आल्यावर आई गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि तोंड फिरवून हसायची.

लादी कोब्याइतकीच निर्दय निघाली. लिनोलियम बरं होतं, पण पावसाळ्यात आमचा कोबा खालून ओल धरायचा, त्यावर ते कुजलं असतं. काथ्याच्या चटईत माझा पाय अडकायचा. शेवटी अप्पांना लाकूड सुचलं, आणि लाकूड म्हटलं की आमच्या गल्लीत आग्नेलो. मूळचा इथलाच, बोलायला मोजका, मान वर न करता काम करणारा सुतार. अप्पांनी त्याला पडवीत नेलं आणि आपल्या मते अगदी स्पष्ट सांगितलं, "आग्नेलो, मला पडायला खोली करायचीय. अशी कर, की पडलेलं कळतासुद्धा कामा नये."

"कलला," आग्नेलो म्हणाला.

त्यानं कोब्यावर डांबर फासून ओलीचा बंदोबस्त केला, माहीमच्या कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याचं सागवान आणून फळ्या ठोकल्या आणि आम्हाला आत यायची बंदी करून दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा आईच्या तोंडून "अगबाई!" निघालं. जमिनीत तोंड दिसत होतं, असं पॉलिश. अप्पांनी धोतर सावरलं, धपकन बसले, आणि बसल्या बसल्या घसरत थेट समोरच्या भिंतीला जाऊन टेकले. टेकल्यावर त्यांचं लक्ष वर गेलं. चारी कोपऱ्यांत चार खिळे.

"हे कशाला रे?"

"मच्छरदाणीला," आग्नेलो म्हणाला. "तुमीच बोललात ना, पडायला खोली? जेवून पडायचं नि गाढ झोपायचं."

आई हसून हसून दाराला टेकली. अप्पांना हसू आलं नाही. त्यांनी मला हाक मारली. मी त्या आरशावर दोन पावलं टाकली आणि कोपरावर आपटले. रक्त आलं नाही, एवढंच. अप्पा म्हणाले, "हे पडणं, आग्नेलो. झोपेचं नाही."

आग्नेलोनं मला उचलून उंबऱ्यावर बसवलं, आणि आपण स्वतःच घातलेल्या जमिनीची पहिली फळी पहारीनं उचकटली. सगळी जमीन त्यानं उखडली. कोब्यावर लाकडी रिपा अंथरल्या, मधे काथ्या ठासला, त्यावर पुन्हा फळ्या बसवल्या, पण उलट्या करून. पॉलिशची बाजू खाली, रंधा मारलेली कोरी बाजू वर. आमच्या पायांखाली एक आरसा कोब्याकडे तोंड करून पडला आहे. खिळे राहू दे म्हणाला. अप्पाही राहू दे म्हणाले.

त्या वर्षी गौरींना माझी चुलतबहीण मीनाक्षी आली. संध्याकाळी बायका नव्या खोलीत झिम्मा-फुगडीला जमल्या. पुरुषांची रवानगी ओट्यावर, त्यांत आग्नेलोही. आईनं मला अडवलं नाही, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा आज जास्तच वाजत होता. मी मीनाक्षीचे हात धरले. एक गिरकी, दुसरी, मग वेग आला, भिंती पळायला लागल्या, आणि पायानं दगा दिला. अख्खी खोली धप्प वाजली. बायकांचा फेर थांबला. मी आडवी पडून दाराकडे बघत राहिले. अप्पा आयोडीन घेऊन धावत आले की आई कुलूप काढणार, आणि खेळ संपणार.

दारात कुणी आलं नाही.

मी हनुवटी चाचपली. कोरडी होती. मीनाक्षीनं हात पुढे केला, मी उठले आणि आम्ही पुन्हा फेर धरला. नंतर त्या खोलीत मी किती पडले याचा हिशोब नाही. कॅरम, टेबल टेनिस, पकडापकडी, गल्लीतली सगळी पोरं तिथे वाढली आणि मी त्यांच्यात वाढले, खिडकीत नाही. आईच्या कुलपाला गंज चढला.

ओट्यावर काय झालं ते अप्पांनी मला कधीच सांगितलं नाही. ते गेले त्या दिवशी आग्नेलो भेटायला आला होता, तेव्हा त्याच्याकडून कळलं. धप्प आवाज ऐकून अप्पा उठले होते, एक पाय चपलेत होता. मग कान देऊन थांबले, आणि चहाची कपबशी हातात घेऊन पुन्हा बसले.

"मी बोललो, अप्पा, पोरगी पडली वाटतं," आग्नेलो म्हणाला. "तर बोलतात कसे, पडू दे. पडायलाच तर केलीय खोली."

अप्पा, जमिनीसाठी तुमचे उपकार आहेतच. पण त्या संध्याकाळी तुम्ही आत आला नाहीत, त्याचे जास्त आहेत.

"चहा मात्र सगला बशीत सांडलेला," आग्नेलो म्हणाला.