बंद कपाटातला रिसीव्हर

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. सोसायटीच्या गप्पांत तो प्रसंग निघाला की मी चहाचा कप उचलून गॅलरीत जायचो. बायकोलाही खरं सांगितलं नाही, आणि आता ती नाही. मुलांना सांगायला गेलो तर "बाबा, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात" म्हणतील आणि मला त्यांचाच राग येईल. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बोळिंजची आमची इमारत तशी नवी होती. कोणी कोकणातून आलेलं, कोणी देशावरून, आमच्यासारखे काही मुंबईच्या चाळीतून. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणून मी झालो. मुंबईत एका कंपनीच्या स्टोअर्स खात्यात माझी नोकरी होती. कपाट उघडं दिसलं की माझा हात आपोआप किल्लीकडे जायचा. घरी फडताळालासुद्धा मी कुलूप लावायचो आणि बायको म्हणायची, "अहो, साखर काय पळून जाणार आहे?" ही सवय लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

आमच्या समोरच्या दारात एक कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाईंना मी वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी. वहिनींचं माहेर सांडोरचं, केळीच्या आणि फुलांच्या वाडीतलं. आई लहानपणीच गेली, त्यामुळे आत्याने वाढवलेल्या. आमच्याशी त्या शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी बोलायच्या, पण आत्याचा फोन आला की घरची बोली सुरू व्हायची. जिन्यात उभी असलेली मंडळी कान द्यायची आणि हसायची. "वहिनी, ही कुठली भाषा हो? आम्हाला पण शिकवा की," असं कुणीतरी म्हणायचंच. वहिनीही हसायच्या, पण दार लावून घ्यायच्या.

दर सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असायची आणि संध्याकाळी खाली मांडवात करमणुकीचा कार्यक्रम. एका वर्षी वहिनींना सूत्रसंचालन करायला लावलं. मांडवातली फरशी नुकतीच धुतलेली, पूजेचं म्हणून सगळे अनवाणी. वहिनींनी माईक हातात घेतला, "नमस्कार" म्हणायला ओठांजवळ नेला आणि "आई गं!" म्हणून टाकून दिला. माईकच्या जाळीला करंट येत होता. अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिनच कुणीतरी मोडून टाकली होती, सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून. लोक हसले. मी पण हसलो. त्याआधी मीच त्यांना सांगितलं होतं, "घ्या बिनधास्त, काही होत नाही."

त्यानंतर वहिनी माईकला हात लावेनात. मला ते लागलं. कमिटीच्या बैठकीत मी कॉर्डलेस माईकचा विषय काढला. आमचे चेअरमन पहिल्या मजल्यावरचे, टोमणे मारण्यात पटाईत.

"सेक्रेटरी, ऑर्केस्ट्रा काढताय का?"

"करंटचा धोका राहणार नाही, साहेब."

"अर्थिंगची पिन बसवून घ्या की. ती तरी जमेल का?"

पिन मी बसवून घेतलीच. पण कॉर्डलेसचा हट्ट सोडला नाही. शेवटी वर्षभर भांडून मंजुरी मिळवली आणि लॅमिंग्टन रोडवरून सेट आणला. कंबरेला लावायचा छोटा ट्रान्समीटर, त्याच्या वायरला पदराला टाचायचा इवलासा माईक, आणि दोन एरियलवाला रिसीव्हर. दुकानदाराने जाताना सांगितलं होतं, "अंकल, रिसीव्हर बाहेर मोकळा ठेवा. बंद नका करू." मी मान डोलावली. मला वाटलं, यंत्र तापू नये म्हणून सांगतोय.

त्या सेटने माझा जो छळ केला, त्याला तोड नाही. पहिल्या दिवशी स्पीकरसमोर माईक धरला तर अशी शिट्टी वाजली की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडायला लागलं. माईक स्पीकरच्या मागे राहिला पाहिजे, हे मग कळलं. दुसऱ्यांदा ट्रान्समीटर बंद करायला विसरलो आणि चौकोनी बॅटरी संपून गेली. तिसऱ्यांदा ट्रान्समीटरची लोंबणारी एरियलची वायर बरी दिसेना म्हणून गुंडाळून रबर लावला, तर आवाज मधेमधे तुटायला लागला. आधी अॅम्प्लिफायरचा आवाज कमी करायचा, मग माईक चालू करायचा, हा क्रम उलटा झाला की धाडकन असा आवाज यायचा की वाटावं स्पीकर फाटला. सोबतचं पत्रक असल्या इंग्रजीत होतं की लिहिणाऱ्यालाही ते समजलं नसावं. प्रत्येक वेळी वरच्या गॅलरीतून चेअरमनचा आवाज यायचा, "झालं का ऑर्केस्ट्राचं?"

एवढं करून मी वहिनींना विचारलं. यंदा त्यांनी सूत्रसंचालन करावं, असं मला वाटत होतं. त्यांनी वेगळंच सांगितलं.

"भाऊजी, मला गाणी म्हणायचीत. आत्याची."

ती त्यांच्याकडच्या लग्नांतली गाणी होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका मांडवात बसून झेंडूची तोरणं ओवतात आणि म्हणतात, तसली. वाद्य नाही, टाळी नाही. आत्या म्हणायची आणि तिच्याकडून वहिनी शिकल्या. बाकीच्या म्हणणाऱ्या एकेक करून गेल्या होत्या.

"पण हात रिकामे असले ना, तर मला शब्दच आठवत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "फुलं ओवायला घेतली की आपोआप येतात. म्हणून कधी स्टेजवर म्हणता आली नाहीत. हा तुमचा पदराला टाचायचा माईक असेल तर जमेल. आणि आत्याला आता ऐकू कमी येतं. मी तिच्या कानात ओरडून म्हटलं तर गाणं कसलं राहतं? भोंग्यातून आलं तर बसल्या जागी ऐकेल. जिन्यात हसणारेही ऐकतील एकदा."

शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं. पण मला कळलं.

आदल्या दिवशी आम्ही चाचणी घेतली. ट्रान्समीटर लावताना बायको वहिनींना मदत करत होती.

"भाऊजी, यात करंट नाही ना?"

"नऊ व्होल्टची बॅटरी आहे, वहिनी. मुंगी चावल्याइतकंही काही होणार नाही."

"मागे पण तुम्ही असंच म्हणाला होतात!"

तिघंही हसलो. वहिनी सुई-दोरा घेऊन बसल्या, परातीतली फुलं ओवत त्यांनी दोन ओळी म्हटल्या. आवाज बारीक, पण अगदी स्वच्छ, दोऱ्यासारखा सरळ यायला लागला. मांडव बांधणारी माणसं काम थांबवून बघत राहिली. मला इतका आनंद झाला की तो आजही आठवतो.

रिसीव्हर, अॅम्प्लिफायर आणि कॅसेट प्लेअर मी सोसायटीच्या ऑफिसात लोखंडी कपाटात ठेवले होते. कपाटाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून वायरी बाहेर काढल्या होत्या. ही माझी स्वतःची कल्पना, आणि तिचा मला फार अभिमान. मागच्या वर्षी कुणी ना कुणी येऊन बटणं फिरवून गेलं होतं. यंदा कुणाची हिंमत नव्हती. चाचणी झाली तेव्हा मी बटणं बघत कपाटापाशीच उभा होतो, दार सताड उघडं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सांडोरहून आत्या आल्या. वाकलेल्या, नवं लुगडं नेसून, पुढच्याच खुर्चीवर बसलेल्या. वहिनी पाटावर बसल्या, समोर झेंडूची परात. मी बॅटरी नवी घातली, वायर सरळ सोडली, अॅम्प्लिफायरचा आवाज आधी कमी, मग हळूहळू वाढवला. सगळं अगदी क्रमाने. मग कपाटाचं दार लावलं, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. दुकानदाराचं आठवलं होतं मला. जानेवारीच्या थंडीत यंत्र कसलं तापतंय, असा विचार मी केला. लोखंडी पेटीत बंद केलेल्या रिसीव्हरपर्यंत माईकचा आवाज पोचणार कसा, हा विचार केला नाही.

वहिनींनी पहिलं फूल ओवलं आणि सुरुवात केली. स्पीकरमधून खर्र आवाज आला. मग अर्धा शब्द. पुन्हा खर्र. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मी हाताने "म्हणा, म्हणा" केलं. त्यांनी पुन्हा सुरू केलं. एखादं अक्षर, मग नुसती हवा. मागून कुणीतरी ओरडलं, "स्टेशन लागत नाहीये!" आणि हशा पिकला. आत्या कानामागे हात धरून बसल्या होत्या. हा भोंग्याचा घोटाळा आहे हे त्यांना कळायची सोय नव्हती. त्यांना वाटलं असणार, पोरगी विसरली.

चेअरमन उठले. सगळ्यांसमोर, मोठ्याने:

"काय सेक्रेटरी? वर्षभर भांडून आणलेलं हे?"

आणि मी म्हणालो, "सेट ठीक आहे, साहेब. काल सगळं तपासलंय. वहिनींकडून कंबरेचं बटण दाबलं गेलं असेल."

त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं होतं का? निम्मं वाटलं होतं. निम्मं चेअरमनला तोंड द्यायला काहीतरी हवं होतं. एकाने वायरचा माईक पुढे केला. वहिनींचे हात तसेच मागे गेले. "नको. राहू दे," म्हणून त्या उठल्या आणि आत्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कंबरेचा ट्रान्समीटर काढायचं कुणालाच सुचलं नाही.

पुढचा कार्यक्रम मुलींचा नाच. त्याची कॅसेट लावायला मी ऑफिसात गेलो आणि कपाट उघडलं. दार उघडताक्षणी बाहेर वहिनींचा आवाज घुमला. अगदी स्वच्छ, कालच्यासारखा. त्या आत्यांना काहीतरी सांगत होत्या, त्यांच्या बोलीत, कमी ऐकू येतं म्हणून जरा मोठ्याने. मला सगळं कळलं नाही. एवढं कळलं की तुला इतक्या लांब आणलं आणि काही ऐकवता आलं नाही, असं म्हणत होत्या. आवाज भरून आलेला होता. तो साऱ्या मांडवाने ऐकला.

मी एका हाताने कपाटाचं दार धरून उभा होतो. नकळत ते थोडं लोटलं. आवाज खरखरला. उघडलं. आवाज स्वच्छ. आणखी काय समजायचं राहिलं होतं?

खिडकीतून चेअरमनचं बोलणं ऐकू आलं, "बघा, सुटलं बटण! सेक्रेटरी बरोबर बोलत होते." लोक हसले. वहिनी दचकून कंबरेकडे बघत होत्या, आपण नक्की काय दाबलं आणि काय सोडलं ते शोधत.

तेव्हा बाहेर जायला हवं होतं. खिडकीतून ओरडलो असतो तरी चाललं असतं, की वहिनी, माझ्या कपाटाचं दार बंद होतं, या परत, म्हणा. परातीत फुलं होती, आत्या जागेवर होत्या, सेट ठणठणीत होता. मी रिसीव्हरचा आवाज बंद केला आणि कॅसेट लावली.

जेवणाच्या वेळी वहिनी माझ्याकडे आल्या. ट्रान्समीटर आणि माईक रुमालात नीट गुंडाळून आणला होता.

"भाऊजी, माफ करा हं. तुम्ही एवढी मेहनत घेतली. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं."

मी म्हणालो, "असू दे वहिनी. होतं असं."

या चार-पाच शब्दांचा मला जितका त्रास झाला, तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही. वर आणखी दिलदारपणा! बायको घरी आल्यावर म्हणाली, "बिचारी किती ओशाळली. तुम्ही बोलला नाहीत तिला, ते बरं केलंत." मी जेवण टाकून झोपलो.

त्यानंतर तो सेट दर वर्षी उत्तम चालला. रिसीव्हर टेबलावर, मांडवाकडे तोंड करून. मी कुणाला कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. लोक मला जाणकार समजायला लागले. शेजारच्या सोसायट्यांतून बोलावणी यायची, "जरा आमचा माईक लावून द्या." मी जायचो आणि सगळ्यांना बजावायचो, रिसीव्हर उघडा ठेवा, मधे लोखंड येऊ देऊ नका. दर वेळी स्वतःचाच राग यायचा. वहिनी मात्र पुन्हा कधी कार्यक्रमात उभ्या राहिल्या नाहीत. आग्रह केला तर म्हणायच्या, "नको बाई, माझ्या हाताला यंत्र मानवत नाही." आत्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या.

काही वर्षांनी वहिनींनी फ्लॅट विकला आणि सगळे सांडोरला राहायला गेले. मी निवृत्त झाल्यावर एकदा मन घट्ट करून गेलो. पापडीपर्यंत बसने, पुढे रिक्षाने. वाक्य पाठ करून ठेवलं होतं, दोन दिवस तेच घोकत होतो. वाडीच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा वहिनी ओट्यावर झेंडू ओवत बसल्या होत्या आणि बारीक आवाजात काहीतरी म्हणत होत्या. मला पाहिलं आणि थांबल्या.

"अगं बाई, भाऊजी! या, या. कशी वाट वाकडी केलीत?"

चहा झाला. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. त्यांची सून म्हणाली, "आई, काकांना गाणं म्हणून दाखवा ना. आम्ही टेपवर घेऊ म्हटलं तर नाही म्हणतात."

वहिनी हसल्या. "काकांनाच विचार. मी एकदा त्यांचा माईक बिघडवला होता."

सून हसली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, हसऱ्या चेहऱ्याने, मी दुजोरा देईन म्हणून. आणि मी हसलो. मान हलवली. निघताना त्यांनी केळ्यांची फणी दिली, ती घेऊन रिक्षात बसलो. फाटकापाशी त्या हात हलवत उभ्या होत्या. रिक्षा थांबवता आली असती. थांबवली नाही.

पुन्हा जाईन म्हणत राहिलो. मग बायकोचं आजारपण आलं. त्यातून बाहेर येतो तो सांडोरहून निरोप आला, वहिनी गेल्या. त्यांच्याबरोबर गाणीही.

पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे. फार मोठं नाही. रिक्षात पुटपुटून पाहिलं होतं तेव्हा चालकाने मागे वळून "काय म्हणालात?" विचारलं होतं, इतकं स्पष्ट येत होतं तोंडातून.

वहिनी, तुम्ही काहीही दाबलं नव्हतं. कपाट मी बंद केलं होतं. मला माफ करा.