दोन फुटांचा धबधबा

गावच्या घरामागे व्हाळ वाहायचा, ओढाच तो. त्याच्या आवाजावर आई सत्तर वर्षं झोपली. वडील गेल्यावर मी तिला मुलुंडला आणलं, माझ्या तळमजल्यावरच्या घरी. मी सकाळी आठला जाई, संध्याकाळी सातला येई. मधल्या वेळात ती एकटी.

"हय सगळा वाजता रे, फक्त पाणी वाजणा नाय," ती एकदा म्हणाली.

म्हणून मागच्या अंगणात, तिच्या खिडकीखाली, छोटा धबधबा करायचं ठरवलं. दगड चार फूट रचले आणि पंप आणायला साकीनाक्याला गेलो. दुकानदाराने माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं.

"साहेब, यावर पाच फूट लिहिलंय ना, तिथे पाणी पोचतं आणि संपतं. चार फुटांवर नुसतं ठिबकेल. मोठा घ्या."

मोठा ऐंशी वॉटचा, लहान पस्तीसचा. रोजचे बारा तास धरले तर महिन्याला लहान साधारण तेरा युनिट खाणार, मोठा एकोणतीस. युनिटला दहा रुपये धरून फरक दीडशेच्या वर. मी लहान घेतला आणि घरी येऊन दगडच दोन फुटांनी उतरवले. वर हे सगळं गणित आईसमोर मोठ्याने मांडलं. तेव्हा मला ती हुशारी वाटली.

मी दार उघडायचो तेव्हा पाणी पडत असायचं.

"दिवसभर ऐकलंय रे झिला, कान किटले माझे," आई म्हणायची.

बिल आलं. जेमतेम एक युनिट वाढलं होतं. तेराच्या जागी एक कसं, हे मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "बघ, अंदाजापेक्षाही कमी! लहान पंपच बरोबर होता." ती हसली.

आई गेली त्यानंतर महिन्याभराने पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, "आता ते पाणी बंदच का?"

"आई दिवसभर लावायची," मी म्हणालो.

"छे हो! संध्याकाळी तुमचं गेट वाजलं की आजी उठून बटण दाबायच्या. मी म्हणायचे, लावा की दुपारी. तर म्हणायच्या, पोराचं मीटर पळतं."

आता कामावर जाताना मी पंप चालू करून जातो. कालच बिल आलं. तेरा युनिट जास्त. माझा अंदाज बरोबर होता.