चौथी जमात मोडली

आमच्या गावची सरकारी शाळा देवळामागच्या दोन खोल्यांत भरे. वाटूरच्या बाजाराला चालत जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता यावं, एवढ्या अंतरावरचं गाव. थोरले मास्तर खालच्या जमाती सांभाळत, कारण त्यांना कमी ऐकू येई आणि लहान पोरं घसा फोडून पाढे म्हणत. तिसरी-चौथी धाकट्या मास्तरांकडे होती. चौथीच्या हजेरीत अकरा नावं होती. त्यांत मी होतो आणि माझ्याहून वर्षानं लहान असलेला माझा भाऊही होता. त्याला मास्तरांनी एक जमात वर चढवलं होतं. मला त्रैराशिक तीनदा समजावून द्यावं लागे. मास्तर मला समजावत, ते ऐकूनच भाऊ शिके.

आमचं घर मेंढरांचं. आज्यापर्यंत सगळे कळपामागं फिरले. वडिलांनी थोडी जमीन केली आणि गावात टेकले, पण मेंढरं सोडली नाहीत. अक्षर ओळखणारा घरात कोणी नव्हता, म्हणून शाळेबद्दल वडिलांना देवाइतका धाक वाटे. मी पुढे हैदराबादला जाऊन पदवी घेतली. त्याचं ऋण मी मानतो: वडिलांचं, आईचं, धाकट्या मास्तरांचं. पण ते दिवस आठवले की तोंडात कडू पाणी येतं, तेही खरं.

त्या साली शाळा तपासणारे साहेब गावावर येणार अशी खबर आली. साहेब दौऱ्यावर आले की अमराईत तंबू पडे, आणि तंबूला लागेल ते गावानं फुकट पुरवायचं, अशी निजामाच्या राज्यात रीत होती. घोड्यांना गवत, चुलीला लाकूड, न्हायला पाणी, कोंबड्या, दूध, अंडी. एरवी ही वेठ लोक शिव्या देत करत. या खेपेला मात्र गाव हौसेनं उठलं. साहेब शाळेचे होते. ते खूश झाले तर पाचवी जमात मिळेल, असं पाटलांनी चावडीवर सांगितलं. थोरल्या मास्तरांनी मान डोलावली. मग ठरलं की साहेबांची कामं शाळेच्या मोठ्या पोरांनीच करावीत. त्यातच शाळेची शोभा.

वडिलांनी आम्हा दोघांची डोकी स्वतः तेल लावून चोपली. म्हणाले, "गवत हिरवं आणा, वाळकं न्हाई. साहेबाच्या डोळ्याम्होरं टाका, म्हंजी ध्यानात ऱ्हाईन."

आम्ही सकाळीच निघालो. दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीला साहेब तंबूबाहेर आरामखुर्चीत बसले होते. माझ्या डोक्यावरचा भारा बघून "शाबाश" म्हणाले. मी वाकून सलाम केला. तो "शाबाश" मी रस्ताभर तोंडात घोळवत परत गेलो, आणि भाऊ म्हणाला, "दादा, तुला म्हनले, का घोड्याला?" मी त्याला चापट मारली.

तिसऱ्या फेरीला आम्ही नदीच्या काठी असताना साहेब शाळेत गेले. चौथीच्या हजेरीला दोन पोरं उठून उभी राहिली. एक पाटलांचा मुलगा, दुसरा पाटलांचा भाचा. वेठीला त्यांना कोण पाठवणार? साहेबांनी विचारलं, बाकीची कुठं आहेत. थोरल्या मास्तरांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. धाकटे मास्तर म्हणाले, "हुजूर, पोरं आपल्याच तंबूच्या कामावर गेलीत." पाटील शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, "हुजूर, खेड्यातली पोरं. न्हाई आली तर न्हाई आली."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. आमच्या हातचं पाणी पिऊन, आमच्या हातच्या गवतावर पोसलेल्या घोड्यावर बसून ते गेले.

दीड महिन्यानं हुकूम आला. वरच्या जमातीत मुलं येत नाहीत, सबब चौथी जमात बंद, आणि दुसऱ्या मास्तरची जागा तखफीफमध्ये. तखफीफ म्हणजे काटछाट, हे मला धाकट्या मास्तरांनीच सांगितलं, स्वतःचं सामान बांधता बांधता. जिल्ह्यात बऱ्याच शाळांची अशी छाटणी चालली होती म्हणे. खर्च कमी करायचा होता. आमच्या गावात त्यांना कारण शोधावं लागलं नाही, ते आम्ही डोक्यावरून वाहून तंबूपाशी नेऊन दिलं होतं.

सामान बांधलेले मास्तर गावाबाहेर गेलेच नाहीत. पाटलांनी त्यांना आपल्या घरच्या पडवीत ठेवून घेतलं आणि तिथं खासगी चौथी सुरू केली. खासगी शाळेला त्या काळी सरकारची परवानगी लागे, आणि ती मागून मागून लोकांच्या चपला झिजत. पाटलांना ती पंधरा दिवसांत मिळाली. साहेबांच्या तंबूत ते त्या खेपेला उशिरापर्यंत कशासाठी बसले होते, हे तेव्हा गावाला कळलं.

फी महिना दोन रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात, वर सुगीला एक मण ज्वारी. जे गेल्या महिन्यापर्यंत फुकट होतं तेच, त्याच मास्तरांकडून, त्याच पुस्तकातून. मास्तरांना मात्र सरकारी पगाराच्या निम्मंच मिळे. अकरातले चौघे उरले.

वडिलांनी तीन दिवस घरातली ज्वारी आणि पैसे पुन्हा पुन्हा मोजले. चौथ्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन पाटलांच्या पडवीत गेले. पाटील झोपाळ्यावर होते, भोवती पाच-सहा जण बसलेले. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मालक, दोन पोरांचा खर्चा मला झेपत न्हाई. येकाचा झेपतो."

"मंग येक आण."

"मी म्हनतो, येका फीमंदी दोघं घ्या. येक दिवस ह्यो यीन, येक दिवस त्यो. हिरीच्या पाण्याची पाळी असती ना, बराबर तशी. जागा येकच अडंल."

आमच्या विहिरीत चुलत्याचा अर्धा वाटा होता. पाणी एक दिवस आमचं, एक दिवस त्यांचं. कधी तंटा झाला नाही. वडिलांना ही तोड खरोखरच सुचली होती आणि तिच्यात हसण्यासारखं काही आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पडवी हसून लोळली. "परीक्षाबी अर्धी अर्धी देणार का रे?" "आरं, येकाला वाचता यीन, दुसऱ्याला लिवता." पाटील डोळे पुसत म्हणाले, "तुझं आयकलं तर उद्या सगळं गाव पाळी लावीन. येकच घेतो. कोन्तं ठेवतो, सांग जल्दी."

धाकटे मास्तर आतून बघत होते. त्यांनी भावाकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, "धाकटा द्या. त्याचं डोकं चालतं."

वडिलांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्यो घ्या मास्तर. धाकटा कळपामागं कामाचा हाय. ह्याला मेंढरू हाकता येत न्हाई."

म्हणजे मी निवडला गेलो तो घरात निकामी म्हणून. माझ्या सगळ्या शिक्षणाचं मूळ ते आहे. मला मेंढरू हाकता आलं असतं, तर ही पानं कदाचित भावानं लिहिली असती.

सुरुवातीला मी घरी आल्यावर त्याला सगळं शिकवी. तो रानातून आला की हातपाय न धुताच बसे आणि विचारी, "आज काय झालं?" मी अर्धवट सांगितलेलं तो पूर्ण करून घेई. रात्री मी पाठ केलेला धडा तो सकाळी मेंढरांना म्हणून दाखवी. ते ऐकून आईला तोच शाळेत जातोय असं वाटे.

पाटलांच्या पडवीत तीन महिने झाले. तिथं पाटलांचा मुलगा माझ्यापासून सरकून बसे आणि नाकाला बोट लावी. मी नदीवर जाऊन अंग घासू लागलो. सदरा आईकडून रोज धुवून घेऊ लागलो. एका संध्याकाळी भाऊ येऊन शेजारी टेकला. त्याच्या घोंगडीला मेंढरांचा वास होता, आणि तो मला पहिल्यांदा घाण वाटला. चार महिन्यांमागं तोच माझ्याही अंगाला होता.

"दादा, आज काय झालं?"

"तुला काय करायचं? मेंढरं मोजण्यापुरतं येतं ना तुला?"

त्याला थट्टा वाटली. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. त्याच्या हातात पाटी होती, दिवसा रानात नेलेली. ती त्यानं माझ्यापुढे ठेवली आणि उठून मेंढरांच्या वाड्याकडे गेला. त्यानंतर त्यानं मला कधी विचारलं नाही.

पाटीवर त्रैराशिकाचं उदाहरण सोडवलेलं होतं. आदल्या दिवशी मला न सुटलेलं. उत्तर बरोबर होतं. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं, पाटी थुंकी लावून पुसली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून पडवीत सगळ्यांसमोर शाबासकी घेतली.