हप्त्यासाठी चुकलेली तारीख

कायद्याच्या शिक्षणासाठी मी सरकारची कर्ज-शिष्यवृत्ती घेतली, तेव्हा जामीन राहिले ते वडिलांचे एक मित्र, मी त्यांना काका म्हणे. नेरळ आणि कर्जतच्या मधल्या एका रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. जामीनदार कायम नोकरीतला लागे आणि आमच्या पोशीरच्या बौद्धवाडीत तशी माणसं बोटावर मोजण्याइतकी. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे, त्यांची सही चालणार नव्हती. काकांनी चौकीतल्या बाकड्यावर बसून, कागद गुडघ्यावर ठेवून सही केली.

"वाचून तरी बघा," मी म्हटलं.

"तू वाचलंस ना? मग झालं."

सनद मिळाली आणि मी कर्जतच्या कोर्टात जाऊ लागले. गरिबांना फुकट वकील देण्याची योजना तेव्हा नवी होती. तिच्या यादीत नाव घालायला फारसं कुणी तयार नव्हतं, कारण फी नावालाच आणि तीही मिळेल तेव्हा खरी. मी नाव घातलं. वाडीतून आलेल्या बाईकडे पैसेवाले पक्षकार येत नव्हते हेही एक कारण होतं. पण ते काम मला आवडायला लागलं. डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं चार-चार तास चालत यायची आणि बोलायची फार थोडं.

मग कर्जाच्या हप्त्याची पत्रं यायला लागली. त्या योजनेत एक सवलत होती. कर्ज घेणारा शिक्षक झाला, तर नोकरीच्या दरवर्षी थोडं कर्ज माफ होई. मी अर्ज केला की मीही गरिबांचंच काम करते, मलाही ती सवलत मिळावी. दोन ओळींचं उत्तर आलं: वकिली हा स्वतंत्र व्यवसाय असल्याने विनंती मान्य करता येत नाही. माझे दोन हप्ते थकले. तिसऱ्या वेळी पत्र माझ्याकडे आलंच नाही, ते काकांकडे गेलं.

ते पत्राची घडी टोपीत घालून घरी आले. "हे काय लिवलंय गं?"

मी वाचून दाखवलं. महिनाअखेर पैसे न भरल्यास रक्कम जामीनदाराच्या पगारातून कापली जाईल.

"मग कापू दे," काका म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मला ते सोसलं नाही. त्याच आठवड्यात खोपोलीचा एक ठेकेदार माझ्याकडे आला. कारखान्यांना मजूर पुरवणारा माणूस. त्याला जागेचं खरेदीखत करायचं होतं, सगळे कागद तपासून नोंदणीला बरोबर यायला वकील हवा होता. फी रोख देणार होता. "मंगळवारीच व्हायला पाहिजे," तो म्हणाला.

मंगळवारी माझी कर्जतला तारीख होती, एका म्हाताऱ्या कातकरी बाईच्या दाव्याची. डोंगराच्या पायथ्याशी तिची झोपडी आणि वरईपुरता जमिनीचा तुकडा होता. तिचा सासरा तिथं राहिलेला, नवरा तिथंच मेलेला. आता मालकाला ती जागा मुंबईच्या माणसाला विकायची होती. निकाल लागेपर्यंत तिला तिथून हुसकावू नये, असा मनाई हुकूम मी मिळवला होता. वकील झाल्यापासूनचं माझं ते पहिलं खरं यश. बाईला त्यातलं काय कळलं ते ठाऊक नाही, पण पुढच्या तारखेला तिनं मला पानात बांधून करवंदं आणली होती.

माझ्याबरोबर सनद घेतलेला एक वकील होता. त्याला मी सांगितलं, "फक्त पुढची तारीख मागून घे."

"जा तू, बिनधास्त," तो म्हणाला.

तो विसरला. दुसरं काही झालं नाही, नुसता विसरला.

खोपोलीहून मी कोर्टात परत आले तेव्हा चार वाजले होते. व्हरांड्यात पाण्याच्या माठाजवळ ती बसली होती, हिरवं लुगडं, पायाशी काठी. मला बघून उठली. "बाय, आपला नंबर कवा?"

मी आत गेले. शिपायानं सांगितलं, सकाळी अकरालाच पुकारा झाला. तीनदा. वकील नाही, पक्षकार नाही. समोरची बाजू हजर होती. साहेबांनी दावा काढून टाकला.

"पण ती बाहेरच बसली आहे," मी म्हटलं.

"मग ओ का दिली नाही?"

मी बाहेर आले. ती तशीच उभी होती. मला सांगता आलं असतं. दावा गेला, मनाई गेली, आज घरी जा आणि उद्या सकाळी परत ये, आपण अर्ज करू, एवढीच चार वाक्यं. मी म्हटलं, "आज काम झालं नाही, आजी. मी निरोप पाठवते." ती मान हलवून निघाली. अंगावर काळा कोट असताना खरं बोलायची लाज वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या दिवशी मी अर्ज तयार करून पाड्यावर गेले. झोपडी नव्हती. कुडाच्या काठ्या बाजूला रचून ठेवलेल्या, चूल तेवढी जागेवर. शेजारच्या माणसानं सांगितलं, मालकाची माणसं आली, कागद दाखवला, म्हातारी सुनेबरोबर वीटभट्टीवर गेली. कुठल्या भट्टीवर ते त्याला माहीत नव्हतं.

दावा परत चालू करून घ्यायला महिन्याची मुदत असते. पंधरा-सोळा दिवस मी चौक गावाच्या आसपासच्या भट्ट्या पालथ्या घातल्या. शेवटी लोधिवलीच्या पुढं एका भट्टीवर ती सापडली, नातवंडं सांभाळत बसलेली. मला बघून तिनं राग केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

"मला कुनी बोलावलंच नाय, बाय," ती म्हणाली. "मी तितंच बसली होती."

"बोलावलं होतं, आजी. तुमच्या नावानं तीनदा पुकारा झाला." आणि मी तिला कागदावरचं नाव वाचून दाखवलं.

तिनं विचारलं, "ही कोन?"

कधीतरी कुणा कारकुनानं मतदारयादीत तिचं नाव लिहिताना जे कानावर पडलं ते, किंवा त्याला सुचलं ते, घातलं होतं. पाड्यावर तिला सगळे वेगळ्याच नावानं हाक मारत. मी तिची वकील, मलाही ते माहीत नव्हतं. मी तिला आजी म्हणत होते आणि दाव्यात कागदावरचं नाव लिहीत होते.

विटांच्या मातीनं तिच्या अंगठ्याच्या रेघा बुजल्या होत्या. दोनदा हात धुतल्यावर अर्जावर ठसा उमटला.

साहेबांनी अर्ज मंजूर केला. दावा पुन्हा चालू झाला. पण पुढच्या तारखेआधी निरोप आला, म्हातारी तापानं गेली, भट्टीवरच. तिचा मुलगा कोळसा पाडायला घाटावर गेला होता. त्याला वारस म्हणून आणायला मी माणसं पाठवली, स्वतःही एकदा गेले, तो मिळाला नाही. वारस लावायची मुदत संपली आणि दावा संपला. पुढच्या वर्षी त्या जागेला दगडी कुंपण झालं.

मी फाटकावर जाऊन काकांना सगळं सांगितलं. हप्त्यासाठी खोपोलीला गेले आणि असं झालं. ते ऐकत होते. मालगाडी आली, त्यांनी फाटक पाडलं, गाडी गेल्यावर उघडलं, परत येऊन बसले.

"ह्याच्यापुढं अर्धा हप्ता मी भरीन," ते म्हणाले. "तू तारीख चुकवायची नाय."

"काका, तुमच्या घरात खाणारी सात माणसं."

"ते मी बघीन. आपल्या वाडीनं वकील कशाला केला गं? खरेदीखतं करायला?"

कर्ज फिटेपर्यंत, सहा वर्षं, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते पैसे आणून देत. "जयभीम" म्हणत दारात उभे राहत आणि आत न येता जात. त्यांच्या थोरल्या पोरीचं शिक्षण सातवीनंतर थांबलं. त्याचा माझ्या हप्त्याशी संबंध नाही, असं काकू म्हणत. मी ते मानून घेतलं.

मी फुकटची कामं सोडली नाहीत. त्यानंतर एकही तारीख चुकवली नाही, ताप असतानासुद्धा. प्रत्येक पक्षकाराला पहिलं विचारते, घरी काय म्हणतात तुम्हाला, आणि ते नाव फायलीच्या वर लिहिते. पण व्हरांड्यात माठाकडं बघायचं मी टाळायचे. भर दुपारी, कोर्ट माणसांनी भरलेलं असताना, हिरवं लुगडं डोळ्यांच्या कडेला हलायचं. वळून बघावं तर भलतीच कुणी. कर्जतच्या बाजारात एकदा मी अशाच एका बाईच्या मागं स्टेशनपर्यंत गेले. ती घाबरली. काय पाहिजे, म्हणाली. मी तिथूनच मागं वळले.

एक गोष्ट मी काकांना सांगितली नाही, आणि आता ते नाहीत. ठेकेदारानं दिलेली फी थकलेल्या हप्त्यांपेक्षा बरीच जास्त होती. हप्ते भरून उरलेल्या पैशांत मी नवा काळा कोट शिवला. तोवरचा कोट मागून आणलेला होता आणि खांद्यात सैल होता. ठेकेदाराला हो म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं काकांचा पगार होता की तो कोट, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. म्हातारीचा दावा परत चालू करून घ्यायला मी उभी राहिले ती त्या कोटात. तो अंगाला छान बसला होता, आणि साहेबांनी पहिल्यांदाच मला मध्ये न थांबवता पूर्ण बोलू दिलं.